गुत्ता आणि मोह : एटापल्लीकडील पानगृहांच्या इतिहासाचीं साधनें

मराठी वाचकास 'गुत्ता' म्हटलें कीं दारूचें दुकान आठवतें. परंतु ह्या शब्दाचा मूळ अर्थ दारूशीं निगडित नाहीं. तेलुगूंत 'गुत्त' व कानडींत 'गुत्तिगे' हे शब्द मक्ता, ठेका, ठराविक रकमेवर घेतलेला हक्क ह्या अर्थीं चालतात. मराठींतहि जुना अर्थ तोच होय. ज्या जागेस आपण मद्यपानाची जागा म्हणून ओळखतों, तिचें नांव तेथील पेयावरून, पिणारांवरून किंवा विकणाराच्या जातीवरून पडलेलें नसून सरकारशीं झालेल्या करारावरून पडलेलें आहे. एका शब्दांत एवढा पुरावा क्वचितच सांपडतो. प्रस्तुत लेखांत ह्या शब्दाच्या आधारें पूर्वीच्या चांदा जिल्ह्यांतील, आज गडचिरोली जिल्ह्यांत मोडणाऱ्या एटापल्लीच्या मुलखांतील पानगृहांचा विचार करावयाचा आहे.

विषय हलका वाटेल. पण आपल्या प्राचीन ग्रंथकारांस तो तसा वाटला नव्हता. अमरकोशांत मद्य विकणारास 'शौण्डिक', एकत्र बसून पिण्यास 'आपान' आणि मद्याबरोबर तोंडीं लावावयाच्या पदार्थास 'अवदंश' असे स्वतंत्र शब्द आहेत. आजचा 'चखणा' तो हाच. कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी शामशास्त्री यांच्या हातीं १९०५ सालीं लागली व तिचें मुद्रण १९०९ सालीं झालें. तेव्हांपासून सुराध्यक्षाचें प्रकरण अभ्यासकांपुढें आहे. त्यांतील पानागार अनेक खोल्यांचें असून त्यांत निरनिराळीं शय्यासनें, गंध, माळा व पाणी ठेवावें आणि तें प्रत्येक ऋतूंत सुखकर असावें, असें सांगितलें आहे. गिऱ्हाईक मद्यानें झोंपीं गेलें असतां त्याचें वस्त्र, अलंकार किंवा सोनें नाहींसें झाल्यास तें विक्रेत्यानें भरून द्यावें व तितकाच दंड द्यावा, असाहि नियम आहे. तेथें येणारांचा खर्च हेरांनीं पाहावा, हें ओघानेंच आलें. पण त्याच प्रकरणांत कुटुंबवत्सल लोकांस कार्यप्रसंगीं घरीं श्वेतसुरा करण्याची आणि उत्सव, समाज व यात्रा ह्या वेळीं चार दिवस मद्याची मोकळीक दिलेली आहे. राजाच्या नियंत्रणाखालील पानागार आणि कार्यप्रसंगींचें घरगुती पान हे दोन पक्ष कौटिल्यानेंच वेगळे काढले आहेत. पुढील सर्व विवेचन ह्या दोन पक्षांच्या कलहाचें आहे.

आतां देशाकडे वळूं. एटापल्लीचा मुलूख पूर्वी अहेरीच्या जमीनदारींत होता. नागपूरचे तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजीं निवर्तल्यावर १८५४ सालीं नागपूरचें राज्य खालसा झालें व चांदा इंग्रजांकडे गेला. मध्यप्रांत १८६१ सालीं बनला. मध्यप्रदेश सरकारनें जमीनदाऱ्या रद्द केल्या त्या १९५१ सालीं. गडचिरोली हा वेगळा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजीं झाला. ह्या वनप्रदेशाच्या दक्षिणेकडून इंद्रावती वाहते व सोमनूरजवळ गोदावरीस मिळते. वस्ती मुख्यत्वें माडिया गोंडांची, आणि त्यांच्या अर्थव्यवहारांत मोहाचें झाड धान्याच्या शेताइतकेंच मोलाचें. गोदातीरच्या मोहाचा उल्लेख हालाच्या गाथासप्तशतींतहि आहे. एका गाथेंत तर त्या झाडास फुलें हळूहळू गाळण्याची विनवणी केलेली आहे, कारण फुलें वेंचण्याच्या निमित्तानें मिळणारा एकांत त्यामुळें लांबतो. फुलें वेंचण्याचा तो क्रम आजहि तसाच आहे. फाल्गुन-चैत्रांत रात्रीं व पहांटे फुलें गळतात. बायकामुलें उजाडण्यापूर्वीं टोपल्या घेऊन जातात. फुलें वाळवून सांठवितात. तीं भाजून व शिजवून खातात, गुरांसहि घालतात. दारू हा त्यांचा अनेक उपयोगांपैकीं एक उपयोग आहे, ही गोष्ट अबकारीच्या कागदांवरून कधींच लक्षांत येत नाहीं.

दारू काढण्याची कृति साधी आहे. वाळलीं फुलें कांहीं दिवस पाण्यांत भिजत ठेवावयाचीं. तीं आंबलीं म्हणजे मातीच्या मडक्यांत घालून चुलीवर चढवावयाचीं. वर दुसरें भांडें बसवून सांधे लिंपावयाचे. वाफ वेळूच्या नळीनें बाहेर काढून पाण्यानें गार केलेल्या मडक्यांत उतरवावयाची. जी प्रथम उतरते ती पहिल्या धारेची. पिण्यास पानाचे दोने. प्रथम कांहीं थेंब भूमीवर, देवास व पूर्वजांस वाहिल्यावांचून कोणी ओठास लावीत नाहीं. जन्म, लग्न, मृत्यु, नव्या फळाचा किंवा नव्या धान्याचा 'पंडुम' हा सण, आणि गोटुलांत बसून मिटविलेला तंटा, ह्या प्रत्येक प्रसंगीं तिला स्थान आहे. गोंडींत मद्यास 'कल' म्हणतात. त्याचा तेलुगूंतील 'कल्लु' ह्या शब्दाशीं संबंध उघड आहे.

ह्याच लोकांचें दुसरें पेय गोरगा. हें एका जातीच्या माडाच्या रसाचें असून पलीकडे बस्तरांत त्यास सल्फी म्हणतात. झाडावर मडकें किंवा तुंबा बांधून रस धरावयाचा; तो कांहीं तासांतच आंबतो, आणि दिवस उलटला म्हणजे पिण्याजोगा राहत नाहीं. सायंकाळीं झाडाखालीं शेजारीपाजारी जमतात, तुंबा फिरतो, सोबतीस भाजलेली मासळी, डुकराचें किंवा कोंबडीचें मांस, लाल मुंग्यांची चटणी असें जें हातीं लागेल तें असतें. 'अवदंश' म्हणजे काय हें कोशांत पाहण्यापेक्षां येथें पाहावें. झाड एका कुटुंबाच्या मालकीचें असतें, पण पिणारा हा गिऱ्हाईक नसून पाहुणा असतो.

येथें एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. गोरगा सांठवितां येत नाहीं व दूर नेतां येत नाहीं. म्हणून त्याचें बाजारांत दुकान होणें कठीण. मोहाचें फूल मात्र वाळवून वर्षभर ठेवतां येतें, आणि काढलेली दारू घागरींतून दहा कोस नेतां येते. जी वस्तु टिकते तिचा मक्ता होऊं शकतो. जी टिकत नाहीं ती घरचीच राहते. आमच्या मतें ह्या मुलखांत गुत्ता मोहावर उभा राहिला व गोरगा बहुतांशीं मक्त्याबाहेर राहिला, ह्याचें मुख्य कारण हेंच होय.

दारूवरील कर इंग्रजांनीं नव्यानें आणला असें नाहीं. भोसल्यांच्या राज्यांत शेतसाऱ्याखेरीज ज्या बाबी होत्या त्यांत कलालीहि होती. कलाल किंवा कलार हा शब्द संस्कृत 'कल्यपाल' ह्यापासून आला असें रसेल व हिरालाल यांच्या १९१६ सालच्या ग्रंथांत म्हटलें आहे. गोंडी 'कल' आणि संस्कृत 'कल्या' ह्यांचें ध्वनिसाम्य पाहून दोहोंचें नातें जोडण्याचा मोह होतो. तो आंवरलेला बरा. नवीन होती ती पद्धति. जेथें सरकारी मध्यवर्ती भट्टी चालविणें शक्य होतें तेथें काढलेल्या दारूच्या प्रमाणांत कर घेत. रानांत तें शक्य नसल्यामुळें एका ठिकाणीं भट्टी लावून तेथेंच विकण्याचा हक्क लिलांवानें देत. ह्या दुसऱ्या पद्धतींत मक्तेदारास रक्कम आगाऊ ठरवून द्यावी लागे. मग जितकी अधिक खपेल तितका त्याचा नफा. अर्थात् दुकान बाजाराच्या वाटेवर मांडावयाचें, उधार द्यावयाचें, धान्य, मोहफुलें किंवा कोंबडी घेऊन दोना भरावयाचा, आणि रात्रीं उशिरापर्यंत फुटाणे व खारवलेली मासळी पुढें ठेवून गिऱ्हाइकास बसवून घ्यावयाचें, हें त्या कराराच्या पोटांतूनच निघत होतें. गुत्त्याची रात्र लिलांवाच्या कागदावर ठरत असे. दोष कलाराच्या स्वभावाचा किंवा माडियाच्या तहानेचा मानून भागणार नाहीं. १९०५-०६ सालीं अबकारीच्या चौकशीसाठीं हिंदुस्थान सरकारनें समिति नेमली. मध्यप्रांतानें स्वतःचा अबकारी कायदा १९१५ सालीं केला. ह्या कायद्यांचा रोख परवान्याबाहेरच्या भट्टीवर, म्हणजे बव्हंशीं घरच्या चुलीवर होता.

मुंबई इलाख्यांत हीच गोष्ट अधिक उघडपणें झाली. तेथें १८७८ च्या अबकारी कायद्यानंतर ठाणें व कुलाबा ह्या जिल्ह्यांसाठीं १८९२ सालीं मोहफुलांचाच कायदा झाला, आणि रानांत गळणारें फूल बाळगणें हाच नियमनाचा विषय झाला. दक्षिण गुजराथेंत १९२२-२३ सालीं आदिवासींनीं देवीच्या आज्ञेनें दारू सोडली, तेव्हां सर्वांत अधिक नुकसान परवानेदार दुकानदारांचें झालें. डेव्हिड हार्डिमन यांनीं ह्या घटनेचा सविस्तर इतिहास लिहिला असून, रूढीचा गुन्हा कसा बनला, हाच त्यांच्या १९८५ सालच्या निबंधाचा विषय आहे.

आतां साधनांचा प्रश्न. अहेरीकडील रानाविषयीं सामान्य इतिहासवाचकास एक गोष्ट ठाऊक असते : मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके यांनीं १८५८ सालीं उठाव केला व त्याच वर्षीं २१ ऑक्टोबर रोजीं त्यांस चांद्यास फांशी दिली. ह्याखेरीज ह्या लोकांचें जें दर्शन दप्तरांत घडतें तें बहुतेक महसुलाच्या खिडकींतून. १८६९ सालचा लूसी स्मिथचा बंदोबस्ताचा अहवाल, १९०९ सालचें जिल्ह्याचें गॅझेटीयर, अबकारीचे वार्षिक अहवाल, हीं मोलाचीं साधनें आहेत. परंतु परवान्याच्या दुकानांत जें प्यालें गेलें तेवढ्याचाच कर मोजला गेला, आणि झाडाखालीं किंवा देवापुढें जें झालें तें 'चोरटी गाळप' ह्या सदरांत गेलें अथवा मुळींच नोंदलें गेलें नाहीं. ज्या पानांत विक्रेता नव्हता त्याचा कागद झाला नाहीं. म्हणून गोंड म्हणजे मद्यपी, ही समजूत कागदांच्या स्वभावांतून उत्पन्न झालेली असून ती वस्तुस्थिति म्हणून स्वीकारतां येत नाहीं. ग्रिग्सन यांनीं बस्तरांतील माडियांवर १९३८ सालीं जो ग्रंथ लिहिला, त्याचें महत्त्व असें कीं, तेथें अधिकारी असूनहि त्यांनीं लोकांचें जीवन त्यांच्या गांवांत पाहून टिपलें.

तथापि उलट बाजूहि तितक्याच स्पष्टपणें मांडली पाहिजे. घरचें पान निर्दोष व दुकानाचें तेवढें सदोष, असा सोपा निवाडा बायकांच्या साक्षीपुढें टिकत नाहीं. नवऱ्याची मजुरी दुकानांत राहते, मार घरीं येतो, हें गाऱ्हाणें घेऊन गडचिरोलींतील लोकांनीं, विशेषतः स्त्रियांनीं, जी चळवळ केली, व जींत 'सर्च' ह्या संस्थेचे अभय व राणी बंग यांचा पुढाकार होता, तिच्या रेट्यानें १९९३ सालीं जिल्ह्यांत दारूबंदी झाली. शेजारच्या चंद्रपुरांत ती २०१५ सालीं आली व २०२१ सालीं उठली. गडचिरोलींत ती कायम आहे. त्यामुळें एटापल्लींत आज परवान्याचा गुत्ता नाहीं. पण चोरटा अड्डा नाहीं असें कोणीहि जाणता म्हणणार नाहीं. आणि देवापुढील दोन्याचा प्रश्न तर कायद्यानें सुटणारा नव्हेच.

ह्या दृष्टीनें १९९६ सालच्या अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतविषयक कायद्याचें महत्त्व मोठें आहे. मादक पदार्थांची विक्री व सेवन बंद करणें, नियमित करणें किंवा मर्यादित करणें, हा अधिकार त्यानें ग्रामसभेपर्यंत नेला. आणि २००६ सालच्या वनहक्क कायद्यानें मोहफुलासारख्या गौण वनोपजावरील हक्क मान्य केला. कौटिल्यानें उत्सवाचे चार दिवस राजाच्या कृपेनें दिले होते. लिलांवाच्या काळांत तेहि मक्तेदाराच्या मर्जीवर गेले. किती प्यावें, कोठें प्यावें व केव्हां थांबावें हें गांवानें बसून ठरवावें, ही गोष्ट कागदावर तरी आतां प्रथमच आली आहे. तो ठराव करतांना गांवास आपला पूर्वेतिहास ठाऊक असणें अगत्याचें आहे. नाहींतर बाहेरच्यानें केलेली निंदा किंवा बाहेरच्यानें केलेली स्तुति, ह्यांपैकीं एकीवर विसंबून तो केला जाईल.

म्हणून संग्राहकांस विनंति अशी. पोथ्या, सनदा व ताम्रपट ह्यांची काळजी घेणारे पुष्कळ आहेत. पण अबकारीचे परवाने, लिलांवाचे जाहीरनामे, दुकानदारांच्या उधारीच्या वह्या, जमीनदारीच्या जमाखर्चांतील कलालीच्या बाबी, दारूच्या खटल्यांचे निकाल, हे कागद रद्दींत जातात किंवा वाळवीस पडतात. उधारीच्या एका वहींतून गिऱ्हाइकांचीं गांवें, बाजाराचे दिवस, धान्याचे भाव आणि ऋतुमानाप्रमाणें खप, एवढें निघूं शकेल. असे कागद मिळाल्यास त्यांतील खाजगी नांवें झांकून नकला कराव्या. त्यांच्या जोडीस माडिया वृद्धांकडून पंडुमचे विधि, गोरग्याच्या झाडांची वारसाहक्काची रीत, दोन्यांचे व मडक्यांचे प्रकार आणि त्यांची नांवें त्यांच्याच बोलींत टिपून घ्यावीं, व सांगणाराचें गांव व टिपल्याची तारीख प्रत्येक टिपणावर घालावी. सरकारी कागद आणि तोंडची हकीकत, हीं दोन्ही समोरासमोर ठेवलीं म्हणजेच एटापल्लीच्या पानगृहांचा इतिहास लिहितां येईल. कागद बराचसा सांपडेल; हकीकत सांगणारे मात्र दरवर्षीं कमी होत आहेत, म्हणून आरंभ त्यांच्यापासून करावा.