उपवासाचा हिशेब

आठवड्यातून एक दिवस एक पैसाही खर्च करायचा नाही, असा नेम अलीकडे अनेक तरुण कुटुंबे धरू लागली आहेत. त्या दिवशी बाजारात पाऊल टाकायचे नाही, हॉटेलची पायरी चढायची नाही, मोबाइलवरून घरपोच काही मागवायचे नाही. महिनाअखेरीस हाती चार पैसे उरावेत, घराच्या कर्जाचा हप्ता वेळेवर भरला जावा, हा त्यामागचा साधा हेतू. ही कल्पना आधुनिक अर्थशास्त्राची देणगी आहे, असा पुष्कळांचा समज दिसतो. वस्तुतः तिच्याशी अगदी जवळचे नाते सांगणारी एक प्रथा ख्रिस्तसभेत दुसऱ्या शतकापासून आढळते. आपल्या पूर्वजांनी तिला उपवास म्हटले आणि उरलेल्या पैशाचे काय करायचे, हा प्रश्न त्यांनी उपवासाच्या आधीच सोडवला. या प्रथेचा इतिहास थोडक्यात पाहावा, अशी आमची इच्छा आहे.

आरंभ जुन्या करारापासून करावा लागतो. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील अठ्ठावन्नाव्या अध्यायात उपवासाची जी परखड चिकित्सा आहे, ती पुढील सर्व परंपरेचा पाया ठरली. लोक उपवास करतात आणि देव आपल्याकडे लक्ष देत नाही म्हणून कुरकुरतात. संदेष्टा त्यांना दोन गोष्टी दाखवून देतो. एक, उपवासाच्या दिवशीही तुम्ही तुमच्या मजुरांना पिळून काढता. दुसरी, देवाला मान्य असलेल्या उपवासात भुकेल्याला भाकरी मिळते आणि उघड्याला वस्त्र मिळते. म्हणजे आपण काय सोडले, यापेक्षा सोडलेले कोणाच्या पदरी पडले, याला तेथे अधिक महत्त्व आहे.

पहिल्या शतकाच्या अखेरच्या सुमाराचा मानला जाणारा ‘डिडाखे’ नावाचा एक छोटा ग्रंथ आहे. शतकानुशतके तो केवळ नावानेच ठाऊक होता. १८७३ साली कॉन्स्टँटिनोपल येथे त्याचे हस्तलिखित सापडले आणि १८८३ मध्ये ते छापून प्रसिद्ध झाले. श्रद्धावंतांनी बुधवारी आणि शुक्रवारी उपवास करावा, असा स्पष्ट नियम या ग्रंथात आहे. दिवस ठरलेला होता, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. जमेल तेव्हा करू, मन होईल तेव्हा करू, अशी मोकळीक त्यात नव्हती. ज्या नेमाला वार नसतो, तो नेम फार दिवस टिकत नाही, हे त्या काळच्या धर्ममंडळीला चांगले उमगले होते.

दुसऱ्या शतकातील अरिस्तिदेस या अथेन्सच्या ख्रिस्ती विचारवंताने रोमन सम्राटाला उद्देशून आपल्या धर्माचे समर्थन लिहिले. त्याची सिरियाक भाषेतील प्रत सीनाय पर्वतावरील संत कॅथरीनच्या मठात १८८९ साली रेंडेल हॅरिस या अभ्यासकाला मिळाली. ख्रिस्ती लोक कसे राहतात, याचे वर्णन करताना अरिस्तिदेस एक विलक्षण गोष्ट सांगतो. त्यांच्यापैकी कोणी गरजू असला आणि त्याला देण्याइतके अन्न त्यांच्यापाशी नसले, तर ते स्वतः दोन-तीन दिवस उपवास करतात आणि वाचलेले अन्न त्याला पुरवतात. येथे देणारा श्रीमंत नाही, हे लक्षात घ्यावे. त्याच्याजवळ देण्यासाठी वेगळे काहीच नाही. म्हणून तो आपल्याच ताटातून दान निर्माण करतो.

याच शतकात रोममध्ये हर्मास नावाच्या एका ख्रिस्ती गृहस्थाने ‘मेंढपाळ’ हा ग्रंथ लिहिला. हर्मास हा मुक्त झालेला गुलाम होता. संसारी माणूस, बायकामुलांचा प्रपंच करणारा, व्यवहारात ठेचाही खाल्लेला. त्याच्या ग्रंथातील पाचव्या दृष्टान्तात तो उपवास करून डोंगरावर बसलेला असतो, आणि मेंढपाळाच्या रूपातील देवदूत त्याला विचारतो, की इतक्या सकाळी तू येथे काय करतो आहेस? उपवास करीत असल्याचे हर्मास सांगतो. तेव्हा देवदूत म्हणतो, की हा खरा उपवासच नव्हे. प्रथम दुष्ट वासनांपासून दूर राहा, आज्ञा पाळ. पुढे एका द्राक्षमळ्यातील सेवकाची गोष्ट येते. धन्याने मेजवानीतून पाठवलेल्या अन्नातून तो स्वतःपुरते ठेवतो आणि उरलेले सोबतच्या सेवकांना वाटून टाकतो.

त्यानंतर देवदूत उपवासाची जी रीत सांगतो, ती आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची आहे. त्या दिवशी केवळ भाकरी आणि पाणी घ्यावे. एरव्ही जे जेवण झाले असते, त्याचा खर्च किती झाला असता, याचा हिशेब करावा. तेवढी रक्कम बाजूला काढून विधवेला, अनाथाला किंवा गरजूला द्यावी. या रीतीतील कळीचा भाग हिशेबाचा आहे. देवदूत हर्मासला नुसते उदार हो म्हणत नाही. तो त्याला किंमत मोजायला लावतो. मोजली नाही, तर वाचलेली रक्कम घरच्या इतर खर्चात कधी विरघळून जाते, हे घरच्यांनाही कळत नाही. सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या या गृहस्थाच्या वहीत आजच्या काटकसरीचे सारे शहाणपण आहे, आणि त्यापुढचे एक पाऊलही आहे.

चौथ्या-पाचव्या शतकांत ख्रिस्तसभा उघडपणे नांदू लागली. उपवासकाळ सर्वांचा झाला आणि त्याबरोबर पळवाटाही निघाल्या. उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन यांनी आपल्या प्रायश्चित्तकाळातील प्रवचनांत अशा लोकांचे कान उपटले आहेत, जे मांस वर्ज्य करतात, पण त्याऐवजी त्याहून महाग आणि अधिक खटाटोपाचे पदार्थ शोधतात. उपवासामुळे वाचलेले धन पेटीत साठवू नका, नाहीतर पोट रिकामे राहील आणि लोभ मात्र गुबगुबीत होईल, अशा आशयाची ताकीदही ते देतात. इ. स. ४४० ते ४६१ या काळात पोपपदावर असलेले थोर संत लिओ यांनी चारही ऋतूंतील उपवासांच्या प्रसंगी रोमच्या जनतेला हेच पुनःपुन्हा सांगितले. श्रद्धावंतांनी जे सोडले, त्यावर गरिबांचे पोट भरले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

पुढे मध्ययुगात उपवासाचे नियम काटेकोर झाले, आणि नियम जितका काटेकोर, तितकी सवलतही मौल्यवान ठरली. फ्रान्समधील रूआँ येथील कॅथिड्रलचा एक मनोरा आजही ‘लोण्याचा मनोरा’ या नावाने ओळखला जातो. पंधराव्या शतकाच्या अखेरीस त्याचे काम सुरू झाले आणि सोळाव्याच्या आरंभी ते पूर्ण झाले. प्रायश्चित्तकाळात लोणी खाण्याची परवानगी मिळावी म्हणून लोकांनी दिलेल्या पैशातून तो उभा राहिला, असे परंपरा सांगते. मनोरा देखणा आहे. पण हर्मासच्या वहीतील विधवा आणि अनाथ त्या हिशेबात कोठे राहिले, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

तेव्हा रूआँकरांना हसण्याचे आपल्याला मात्र कारण नाही. कोकणपट्टीतील आपल्या कॅथॉलिक घरांतून शुक्रवारी मटण शिजत नाही. पण त्याच दिवशी सरंगा किंवा मोठी कोळंबी ताटात आली, तर शुक्रवारचे जेवण रविवारच्या जेवणाहून महाग पडते. नियमाचे अक्षर पाळले गेले, पण वाचले काहीच नाही, आणि कोणाला मिळालेही काही नाही. ऑगस्टीन यांची प्रवचने आपल्याच स्वयंपाकघरातून फेरी मारून लिहिली असावीत, असे वाटू लागते.

विसाव्या शतकात ही जुनी शिकवण नव्याने जागी झाली. १९५८ साली कोलोनचे कार्डिनल फ्रिंग्स यांनी जर्मन बिशपांपुढे प्रायश्चित्तकाळातील त्याग जगातील भुकेल्यांसाठी एकत्र करण्याची कल्पना मांडली, आणि त्यातून ‘मिझेरिओर’ ही संस्था उभी राहिली. १९६० साली इंग्लंडमधील कॅथॉलिक महिला संघटनांनी कौटुंबिक उपवासाचा एक दिवस ठरवला. त्या दिवशी वाचलेले पैसे कॅरिबियन समुद्रातील डॉमिनिका बेटावरील माताबालक आरोग्य केंद्रासाठी दिले गेले. ‘कॅफॉड’ ही मदतसंस्था याच उपक्रमातून १९६२ मध्ये जन्मली. १९७५ साली अमेरिकेतील ॲलनटाउन धर्मप्रांतात जेवणाच्या मेजावर पुठ्ठ्याची छोटी पेटी ठेवण्याची प्रथा सुरू झाली. साधे जेवण करून वाचलेले पैसे त्या पेटीत पडत. रीत थेट हर्मासची होती. फक्त वहीची जागा पेटीने घेतली होती.

आपल्या देशालाही असा एक दिवस ठाऊक आहे. १९६५ साली अन्नधान्याच्या टंचाईच्या आणि युद्धाच्या काळात पंतप्रधान लाल बहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक जेवण सोडण्याचे आवाहन केले. सोमवारची संध्याकाळ त्यासाठी ठरली आणि अनेक शहरांतील उपाहारगृहांनी त्या वेळी दारे बंद ठेवली. ‘सोमवार’ पाळणारी जुनी मंडळी आजही आपल्या गावागावांतून भेटतात. पुढच्याच वर्षी, १७ फेब्रुवारी १९६६ रोजी, पोप सहावे पॉल यांनी प्रायश्चित्ताविषयीचा आपला आदेश प्रसृत केला. सक्तीचे उपवास राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार एवढ्यांवर आले. परंतु जेथे सुबत्ता अधिक आहे, तेथे संयमाची आणि गरिबांविषयीच्या प्रीतीची साक्षही अधिक दिली पाहिजे, असे त्यांनी बजावले. सक्ती कमी झाली ती जबाबदारी वाढावी म्हणून. आपण मात्र बहुधा केवळ पहिला भाग ऐकला.

येथे कोणी विचारील, की मग स्वतःच्या घरासाठी बचत करणे गैर आहे काय? मुळीच नाही. आमच्या लोकांच्या इतिहासातच त्याचे उत्तर आहे. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, तो शेतकऱ्याला सावकाराच्या पाशातून सोडवावे म्हणून. १९१८ साली वसईत मॉन्सिनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने जी कॅथॉलिक सहकारी संस्था स्थापन झाली, ती पुढे बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक म्हणून नावारूपाला आली. सहकारी पतसंस्थेचे मर्म असे, की एकाने काटकसरीने ठेवलेला रुपया दुसऱ्याच्या अडचणीला कर्जरूपाने उपयोगी पडतो. बचत करणाऱ्याचे घर सावरते आणि शेजाऱ्याचेही. पेटीत कुलूपबंद झालेल्या ज्या धनाविषयी ऑगस्टीन यांनी इशारा दिला, ते हे नव्हे.

आज हा विषय तातडीचा वाटतो, त्याला कारण आहे. मोबाइलवर बोट टेकवले, की पैसे जातात. नोट मोजून देताना हाताला जी जाणीव होत असे, ती आता होत नाही. लग्नाच्या मांडवासाठी, स्नानसंस्काराच्या जेवणावळीसाठी, प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकाराच्या थाटासाठी कर्ज काढले जाते आणि त्याचे हप्ते मूल शाळेत जाऊ लागले तरी संपत नाहीत. अशा घराला खर्चाविना एक दिवस म्हणजे श्वास घेण्याची जागा आहे. म्हणून ज्या तरुण जोडप्यांनी हा नेम धरला, त्यांचे आम्ही मनापासून अभिनंदन करतो, आणि परंपरेच्या आधारे पाच गोष्टी त्यांच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, वार ठरवावा, आणि शुक्रवारसारखा दुसरा वार नाही. दुसरी, औषध, दूध, मुलांच्या शाळेचा प्रवास असे काय चालेल, ते घरातील सर्वांनी बसून आधीच ठरवावे, म्हणजे त्या दिवशी वाद होत नाही. तिसरी, गुरुवारी दुप्पट खरेदी करून शुक्रवार कोरडा दाखवू नये. ती सरंग्याचीच पळवाट आहे. चौथी, मोलकरणीचा पगार, मजुराची मजुरी आणि दुकानदाराची उधारी या दिवशी पुढे ढकलू नये. दुसऱ्याच्या कष्टाचा मोबदला अडवून केलेला उपवास यशयाने कधीच नाकारला आहे. पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, रात्री त्या दिवशी किती वाचले ते वहीत लिहावे आणि त्याचे दोन भाग करावेत. एक घराचा, कर्ज फेडण्यासाठी किंवा पतपेढीत टाकण्यासाठी. दुसरा गरजूचा, धर्मग्रामातील विन्सेंट डी पॉल सोसायटीकडे किंवा थेट एखाद्या दाराशी पोहोचवण्यासाठी. दुसरा भाग लहान असला तरी चालेल, पण तो लिहिलेला असावा.

आणखी एक गोष्ट सांगणे आम्हाला आवश्यक वाटते. आपल्याच धर्मग्रामात अशी घरे आहेत, जेथे खर्चाविना दिवस कोणी ठरवत नाही, तो आपोआप उगवतो. त्या घरांना काटकसरीचा उपदेश करणे ही थट्टा होईल. अरिस्तिदेसने वर्णिलेली मंडळी स्वतः गरीब होती, तरी शेजाऱ्याच्या चुलीकडे पाहून आपली चूल विझवत होती. आज आपल्यापैकी बहुतेकांना चूल विझवण्याची गरज नाही. एका दिवसाची खरेदी थांबवली आणि तिचा हिशेब प्रामाणिकपणे ठेवला, तरी शेजारच्या दाराशी धान्याची पिशवी पोहोचू शकते.