मार्गदान : चक्री, पादचारी आणि साष्टींतील वाटा

वाटेवर दोघांची गांठ पडली असतां कोणीं बाजूस व्हावें, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटतो; परंतु आमच्या सूत्रकारांनीं व स्मृतिकारांनीं त्यास धर्मशास्त्रांत स्थान दिलें आहे. मुंबईच्या उपनगरांत, म्हणजे जुन्या साष्टी बेटांत, पादचारी, सायकलस्वार व चाकांच्या खुर्चींतून फिरणारा अपंग मनुष्य ह्या तिघांमध्यें अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत वाटेचा जो तंटा आज चालू आहे, त्याचा उलगडा करण्यास हीं जुनीं वचनें उपयोगी पडतात, असें दाखविण्याचा प्रस्तुत निबंधाचा हेतु आहे.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत (श्लोक १३८) ज्यांस वाट द्यावी असे आठजण सांगितले आहेत : चक्री, नव्वदी ओलांडलेला वृद्ध, रोगी, ओझेंवाला, स्त्री, स्नातक, राजा आणि वर. चक्री म्हणजे चाकांच्या वाहनांत बसलेला, असा अर्थ टीकाकार कुल्लूकानें घेतला आहे. याज्ञवल्क्यस्मृतींतही (१.११७) बहुतेक हेच आठजण आहेत, मात्र मनूनें ज्यास आरंभीं बसविलें तो चक्री तेथें सर्वांच्या शेवटीं आला आहे. ह्यावरून, ह्या यादींतील क्रम वृत्ताच्या सोयीचा असून त्यावरून श्रेष्ठकनिष्ठभाव ठरविणें युक्त नाहीं, हें उघड होतें. क्रम सोडून कारण शोधलें पाहिजे.

तें कारण आपस्तंब धर्मसूत्रांत (२.५.११) अधिक स्पष्ट दिसतें. वाट राजाची खरी, परंतु ब्राह्मण भेटल्यास ती ब्राह्मणाची, असें आधीं सांगून सूत्रकार म्हणतो कीं, वाहन, भारवाही, आजारी व स्त्री ह्यांस सर्वांनींच वाट द्यावी. पुढें वर्णाच्या क्रमानेंही त्यानें वाट वांटून दिली आहे. तो भाग आज त्याज्यच होय. शेवटीं मत्त व उन्मत्त ह्यांनाही, स्वतःच्या कुशलासाठीं, सर्वांनीं वाट द्यावी, असा व्यवहारी उपदेश आहे. घोडबंदर रस्ता पायीं ओलांडणारास त्याचें मर्म समजावून सांगावें लागत नाहीं!

तेव्हां मार्गदानाच्या मुळाशीं दोन निरनिराळीं तत्त्वें आहेत. एक मानाचें, दुसरें अशक्तीचें. राजा, स्नातक व वर ह्यांस वाट द्यावयाची ती मानासाठीं. वृद्ध, रोगी व भारवाही ह्यांस द्यावयाची ती त्यांना बाजूस होणें जड जातें म्हणून. चक्री हा दुसऱ्या वर्गांतला, असें आमचें मत आहे. गाडीचें चाक चाकोरींत रुतलेलें असतें, तें पायांप्रमाणें चटकन वळत नाहीं. चक्रीस मान मिळाला तो वैभवाचा नव्हे, अडचणीचा. हा अर्थ मान्य केल्यास, आजची मोटार शब्दानें चक्री असली तरी हेतूनें नव्हे. आणि चाकांच्या खुर्चींतील मनुष्य मात्र एकाच वेळीं चक्री व रोगी ह्या दोन्ही नात्यांनीं वाटेचा अधिकारी ठरतो.

धर्मशास्त्रानें वाट सौजन्यावर सोंपविली, तर अर्थशास्त्रानें ती मोजून दिली. म्हैसूरच्या आर. शामशास्त्र्यांनीं हस्तलिखितावरून इ.स. १९०९ मध्यें छापून प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत (२.४) रथाच्या वाटेस पांच अरत्नि, मोठ्या जनावरांच्या वाटेस चार आणि लहान जनावरें व माणसें ह्यांच्या वाटेस दोन अरत्नि रुंदी सांगितली आहे. तिसऱ्या अधिकरणांत वाट अडविणारास दंडही आहे : माणसांची वाट अडविल्यास बारा पण, मोठ्या जनावरांची अडविल्यास चोवीस. अरत्नि म्हणजे चोवीस अंगुळें, सुमारें दीड फूट. म्हणजे माणसाच्या वाट्यास तीन फूट आले. इंडियन रोड्स काँग्रेसनें इ.स. २०१२ च्या आपल्या मार्गदर्शिकेंत पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर ठरविली, ती सुमारें चार अरत्नि भरते. जो पदपथ कौटिल्याच्या जनावराच्या वाटेइतकाही मोकळा नाहीं, तो आजच्या मापानेंही पुरा पडत नाहीं.

साष्टींत हें मापही रुजलें नाहीं व तें सौजन्यही रुजलें नाहीं. त्याचें कारण तेथील वाटांच्या इतिहासांत आहे. मराठ्यांनीं इ.स. १७३७ मध्यें पोर्तुगीजांकडून घेतलेली साष्टी इ.स. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांच्या हातीं गेली. शीवचा बांध इ.स. १८०५ मध्यें पुरा झाला, माहीमचा इ.स. १८४५ मध्यें, इ.स. १८५३ मध्यें ठाण्यापर्यंत आगगाडी धांवली. हे सारे मार्ग मुंबईस जाण्यायेण्याचे होते. वीरगळांसाठीं इतिहासज्ञांस परिचित असलेलें बोरिवलीनजीकचें एकसर काय, किंवा घाटकोपरचें किरोळ काय, गांवाच्या अंतर्भागांत पायवाट व गाडीवाट हीच रूढ होती. इ.स. १९५० मध्यें जोगेश्वरी व भांडुपपर्यंतचा आणि इ.स. १९५७ मध्यें दहिसर व मुलुंडपर्यंतचा मुलूख बृहन्मुंबईंत आला. तोंपर्यंत बऱ्याच ठिकाणीं वाटेच्या दोहों बाजूंस वस्ती उभी राहिली होती. शहरांत पदपथ रस्त्याबरोबर आंखला जातो. येथें तो उरलेल्या जागेंतून काढावा लागला.

कायद्यानें उणीव ठेविली, असें म्हणतां येत नाहीं. इ.स. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमांतील ३१२ ते ३१४ हीं कलमें रस्त्यांतील अडथळ्यांविषयींच आहेत. इ.स. १९८५ मध्यें ओल्गा टेलिस खटल्यांत सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड ह्यांच्या पीठानें निर्वाहाचा हक्क जीविताच्या हक्कांत धरला, तथापि पदपथ सर्वांच्या जाण्यायेण्यासाठीं आहेत, खासगी उपयोगासाठीं नव्हेत, असाही निर्णय दिला. मोटार-वाहन अधिनियम, १९८८, ह्यांत अपंगांसाठीं मुद्दाम बांधलेल्या मोटार-वाहनाची स्वतंत्र व्याख्या आहे. अपंग व्यक्तींविषयींच्या इ.स. १९९५ च्या अधिनियमांत पदपथाच्या कडेस चाकांच्या खुर्चीसाठीं उतार करण्याचें कलम होतें, आणि इ.स. २०१६ च्या अधिनियमानें तो हक्क पुढें वाढविला. इ.स. २०२५ च्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें अपंगांसही वापरतां येतील असे पदपथ हा जीविताच्या हक्काचाच भाग ठरविला.

वाट मोजून देण्याचे प्रयत्नही झाले. वांद्रे-कुर्ला संकुलांत इ.स. २०११ च्या सुमारास सायकलींसाठीं निराळी पट्टी आंखली गेली. थोड्याच काळांत तिजवर मोटारी उभ्या राहूं लागल्या व ती निरुपयोगी झाली. दुसरा प्रयत्न अधिक विचारणीय आहे. इ.स. १८९२ मध्यें पुऱ्या झालेल्या तानसा तलावाचें पाणी ज्या प्रचंड नळांतून मुलुंड-घाटकोपरकडून शहरांत येतें, त्यांच्या कडेची जागा उच्च न्यायालयाच्या आदेशानें मोकळी करण्यांत आली. आणि तेथें मुलुंड ते शीव व घाटकोपर ते सहार असा सुमारें ३९ कि.मी. लांबीचा, सायकलस्वार व पादचारी ह्यांच्यासाठीं मार्ग बांधण्याची योजना महापालिकेनें हातीं घेतली. साष्टींत पाण्यासाठीं राखलेली जागा माणसाच्या चालण्यास मिळावी, हा योगायोग नोंद घेण्याजोगा आहे. मात्र त्या जागेवरून ज्या झोंपड्या उठल्या, त्यांतील कुटुंबांचा इतिहासही त्याच दप्तरांत ठेविला पाहिजे.

आतां प्रस्तुत तंट्याचें सर्वांत बोलकें उदाहरण. मोटारसायकली पदपथावर चढूं नयेत म्हणून महापालिकेनें पदपथांच्या तोंडाशीं पोलादी खुंट रोंविले. उद्देश निर्दोष होता. परंतु जेथें दोन खुंटांमधील अंतर अपुरें राहिलें, तेथें मोटारसायकलीबरोबर चाकांची खुर्चीही अडली. इ.स. २०२३ च्या सप्टेंबरांत मुंबई उच्च न्यायालयानें ह्या विषयाची आपण होऊन दखल घेतली. सामान्य खुर्चीची रुंदी ६० ते ७० सें.मी. असते. कौटिल्यानें माणसासाठीं सोडलेले दोन अरत्नि, म्हणजे सुमारें ९० सें.मी., त्या खुंटांमध्यें सोडले असते तर ती सुखरूप पार झाली असती. सायकल व खुर्ची ह्या दोहोंना चाकें आहेत म्हणून त्यांस एकाच नियमानें बांधणें, ही चूक येथून निघते. सायकलस्वार उतरूं शकतो, सायकल हातीं धरून चालूं शकतो. खुर्चींतील मनुष्य उतरूं शकत नाहीं. आपस्तंबाचा आतुर तो हाच.

ह्यावरून निष्कर्ष असा निघतो : ज्यास बाजूस होणें अधिक कठीण, त्याचा वाटेवर अधिकार अधिक. मोटारीनें सायकलीस, सायकलीनें पादचाऱ्यास आणि ह्या सर्वांनीं खुर्चीस वाट द्यावी. रुंदी मोजून देणें हें राज्याचें काम. तें होईपर्यंत, व झाल्यानंतरही, बाजूस होणें हें प्रत्येकाचें काम आहे. उतार नसलेल्या पदपथाच्या कडेशीं जो खोळंबून राहतो, त्याचा दवाखाना, शाळा वा रोजगार त्या सहा इंच उंचीपलीकडे राहतो.

संग्राहकांस एक विनंति. महाराष्ट्रांतील अनेक नगरपालिका पूर्वीं सायकलींवर कर घेऊन पत्र्याचे बिल्ले देत असत. ते बिल्ले व पावत्या, तसेच उपनगरांतील गांवठाणांचे जुने नकाशे अद्यापि घरोघर पडून असतील. कोणती वाट किती रुंद होती व ती कोणत्या वर्षीं कोणीं अडविली, हें त्यांवरून सिद्ध करतां येईल. ताम्रपटाइतक्या काळजीनें ते राखावे.