मुंबईच्या झोपडवस्त्यांतील कर्करोगनिवारणाचा प्रयोग

पटकी व प्लेग यांना नगरपालिकांनी नळ, गटारे आणि लस यांच्या योगे कसा पायबंद घातला, हा इतिहास वाचकांना परिचित आहे. परंतु शरीरात वर्षानुवर्षे दबा धरून बसणाऱ्या कर्करोगाचा प्रतिबंध शहरात योजनापूर्वक कसा करण्यात आला, ही हकीकत सहसा कोणी सांगत नाही. आपल्या माताभगिनींच्या प्राणांशी तिचा निकट संबंध असल्यामुळे ती येथे देत आहे.

परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तथापि रोगी रुग्णालयाची पायरी चढतो तो बहुधा रोग हाताबाहेर गेल्यावरच. शहरात रोग किती, कोणत्या वयात, कोणत्या अवयवाचा, याचा हिशेब असल्यावाचून योजना कसली करावयाची? तो हिशेब १९६३ साली मुंबईत कर्करोगाची नोंदणी सुरू झाल्यापासून मिळू लागला. स्त्रियांत स्तनांचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग अग्रभागी असल्याचे त्यावरून दिसून आले.

यांपैकी गर्भाशयमुखाचा कर्करोग पॅपिलोमा नामक विषाणूमुळे होतो. या शोधाबद्दल जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणूचा शिरकाव झाल्यापासून कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा वर्षे वा त्याहूनही अधिक काळ लोटतो. एवढी मुदत देणारा शत्रू विरळाच! पाश्चात्त्य देशांत पेशींच्या तपासणीने तो वेळीच हुडकला जातो; पण त्यास प्रयोगशाळा व तज्ज्ञ लागतात.

टाटा रुग्णालयातील डॉ. सुरेंद्र शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली निराळी वाट धरली. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना चार आठवड्यांचे शिक्षण देऊन त्यांनी वस्तीत पाठविले. साधन काय, तर सिरक्यात असते तेच सौम्य आम्ल! ते गर्भाशयमुखास लावले असता बिघडलेला भाग मिनिटभरात पांढरा दिसू लागतो. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया या प्रयोगात होत्या. त्यांपैकी निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी तपासणी झाली. उरलेल्या वस्त्यांत केवळ आरोग्यशिक्षण दिले गेले. २०१३ साली निष्कर्ष जाहीर झाला: तपासणीच्या वस्त्यांत या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले होते. ज्यांना तपासणी मिळाली नाही त्यांच्यावर अन्याय झाला, अशी टीका पुढे झाली, आणि ती मला अनाठायी वाटत नाही.

आपल्या मराठवाड्यातही उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून १,३१,७४६ स्त्रियांवर असाच अभ्यास झाला. तेथे विषाणूची चाचणी एकदाच केलेल्या गटात ३४ स्त्रिया या रोगाने दगावल्या. चाचणीविना राहिलेल्या, किंचित लहान गटात ६४.

एवढे सिद्ध झाल्यावर २०१६ साली केंद्र सरकारने ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी आम्लतपासणीची योजना आखली. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ३० ते ४९ वयाच्या जेमतेम दोन टक्के स्त्रियांनी ही तपासणी कधी काळी करून घेतल्याचे आढळले. साधन स्वस्त आहे. आडवी येते ती लाज, आणि सासूला वा नवऱ्याला काय सांगावे हा प्रश्न. मुंबईतील त्या सेविकांनाही दारोदार जाऊन प्रथम हाच प्रश्न सोडवावा लागला होता.