सौदी तेलाचा अभ्यास १९७३ लाच का थांबतो?

तेलाच्या राजकारणावर संशोधन करायचं म्हटलं की बरेच जण १९७३ ला सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. ऑक्टोबरमध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं, अरब देशांनी अमेरिकेला तेल देणं बंद केलं आणि पिंपाला साधारण ३ डॉलर असलेला भाव जानेवारी १९७४ पर्यंत ११ डॉलरच्या वर गेला. झाला निष्कर्ष तयार: नळ सौदी अरेबियाच्या हातात, म्हणून भावही त्याच्याच हातात!

आता हाच कालखंड १९८६ पर्यंत वाढवून बघा.

इराणच्या १९७९ च्या क्रांतीनंतर भाव ३० डॉलरच्या पुढे गेला. पण तेल महागल्यामुळे उत्तर समुद्र आणि अलास्कासारख्या अवघड ठिकाणांहून ते काढणं परवडू लागलं. शिवाय श्रीमंत देश तेल जपून वापरायला लागले. ओपेकच्या तेलाची मागणी घटली. भाव टिकवायचा तर कुणीतरी उत्पादन कमी करणं भाग होतं. ते काम मुख्यतः सौदीने अंगावर घेतलं. इतर काही सदस्य मात्र कोट्यापेक्षा जास्त तेल विकत राहिले. १९८० मध्ये रोज सुमारे १ कोटी पिंपं काढणारा हा देश १९८५ च्या उन्हाळ्यात २५ लाखांच्या खाली आला. भाव सावरता सावरता गिऱ्हाईकच हातचं गेलं.

शेवटी सौदीने बाजारातला वाटा परत मिळवण्यासाठी उत्पादन वाढवलं. १९८६ मध्ये भाव १० डॉलरच्या आसपास कोसळला. १९७३ मध्ये जगभर गाजलेले तेलमंत्री अहमद झाकी यामानी यांना त्याच वर्षी पदावरून दूर करण्यात आलं.

म्हणजे काय, तर सौदीची खरी ताकद होती ती वापराविना राखून ठेवलेल्या उत्पादनक्षमतेत. टंचाईत ती कामी येते: १९९० मध्ये इराकने कुवेत बळकावल्यावर बाजारातून गेलेल्या तेलाची मोठी भरपाई सौदीनेच केली. पण तेल मुबलक असताना, इतरांनी साथ दिली नाही, तर भाव राखण्याची किंमत एकट्यालाच मोजावी लागते.

तेव्हा आराखडा लिहिताना उत्पादन, क्षमता आणि बाजारातला वाटा हे तीन आकडे वर्षवार वेगवेगळे मांडा. आणि अभ्यासाचं शेवटचं वर्ष तेच का निवडलं, याचं कारण लिहा. १९७४ ला थांबलात तर सौदीची सत्ता दिसेल. १९८६ पर्यंत गेलात तर त्या सत्तेच्या मर्यादाही दिसतील.