मालमत्ता व दायित्व प्रतिज्ञापत्र (पोटगी प्रकरणे)

पोटगीच्या दाव्यात पतिपत्नी दोघांनीही आपले उत्पन्न, खर्च, मालमत्ता आणि देणी शपथेवर जाहीर करण्याचा ठरावीक नमुना. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालाद्वारे [(२०२१) २ एससीसी ३२४] तो देशभर लागू केला. चालू प्रकरणेही त्यात आली.

पार्श्वभूमी : हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २४ खालील अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, अशी दुरुस्ती २००१ मध्ये झाली होती. तरीही अर्ज वर्षानुवर्षे रेंगाळत. एक बाजू गरजा वाढवून सांगे, दुसरी कमाई दडवी आणि न्यायालयाला अंदाजावर रक्कम ठरवावी लागे. सर्वोच्च न्यायालयापुढे आलेले प्रकरण नागपूरच्या कुटुंब न्यायालयातले होते. २०१३ मधल्या अर्जावरील अंतरिम पोटगीचा वाद २०२० पर्यंत चालला. न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. आर. सुभाष रेड्डी यांच्या पीठाने त्या वादाचा निकाल देताना सर्व न्यायालयांसाठी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या.

कार्यपद्धती : अर्जदाराने अर्जासोबतच प्रतिज्ञापत्र द्यायचे. समोरच्या पक्षाने जास्तीत जास्त चार आठवड्यांत आपल्या प्रतिज्ञापत्रासह म्हणणे दाखल करायचे. त्यासाठी दोनपेक्षा अधिक संधी देऊ नयेत. चालढकल हेतुपुरस्सर दिसल्यास बचाव रद्द करता येतो. खोटी माहिती देणाऱ्यावर फौजदारी तसेच न्यायालयाच्या अवमानाची कारवाई होऊ शकते. दोन्ही प्रतिज्ञापत्रे आल्यावर अंतरिम पोटगीचा निर्णय चार ते सहा महिन्यांत व्हावा, अशी अपेक्षा आहे.

शेतकरी कुटुंबांसाठी वेगळा नमुना असून त्यात जमिनीचे क्षेत्र, बागायत की जिरायत, पिके, गुरेढोरे यांचा तपशील भरावा लागतो. महाराष्ट्रात सातबारा उतारा हा याचा नेहमीचा पुरावा आहे. मेघालयासाठी तिसरा नमुना आहे. दारिद्र्यरेषेखालील व्यक्ती आणि रोजंदारीवरचे मजूर यांना प्रतिज्ञापत्रातून सूट मिळते.

महत्त्व : पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, हे याच निकालाने निश्चित केले. त्यामुळे तारखा वाढवून थकबाकी टाळण्याची वाट बंद झाली. पोटगीची तरतूद असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे. इंग्लंड व वेल्समध्येही घटस्फोटाच्या आर्थिक दाव्यात ‘फॉर्म ई’ नावाचे विवरणपत्र पहिल्या सुनावणीपूर्वीच परस्परांना द्यावे लागते.

अंमलबजावणी मात्र एकसारखी झाली नाही. खालची न्यायालये प्रतिज्ञापत्रांशिवाय आदेश देत असल्याचे दिसल्याने सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये हा निकाल पुन्हा सर्वत्र पाठवण्याचा आदेश दिला. ज्या पक्षाच्या हाती पैसा नसतो, त्याच्या घरचे भाडे आणि मुलांची फी पुढच्या तारखेपर्यंत थांबत नाही. म्हणून पहिल्याच टप्प्यावर पूर्ण माहिती मागण्याचा आग्रह न्यायाधीश आणि वकील दोघांनीही धरणे आवश्यक आहे.