साउथ डकोटातील व्हिडिओ लॉटरी : यंत्रे खासगी, निम्मे उत्पन्न सरकारी

अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यात मद्यालयांमधील यंत्रांवर खेळली जाणारी व्हिडिओ लॉटरी हा राज्य सरकारचा उपक्रम आहे. यंत्रे मात्र सरकारच्या मालकीची नाहीत. ऑक्टोबर १९८९ मध्ये या राज्यात सुरू झालेली ही योजना अमेरिकेतील अशा प्रकारची पहिली योजना मानली जाते.

भारतातील राज्य लॉटरीत छापील तिकीट घेऊन सोडतीची वाट पाहावी लागते. व्हिडिओ लॉटरीत पोकर, ब्लॅकजॅक, केनो यांसारख्या खेळांचा निकाल काही क्षणांत पडद्यावर दिसतो. जिंकल्यास यंत्रातून पावती मिळते आणि ती मद्यालयाच्या गल्ल्यावर देऊन रोख रक्कम घेता येते. खेळणाऱ्याचे वय किमान २१ वर्षे असावे लागते.

या व्यवस्थेत तीन घटक सहभागी असतात. परवानाधारक ऑपरेटर यंत्रे विकत घेऊन ती बसवतो व त्यांची देखभाल करतो. मद्यालयाचा मालक जागा देतो. राज्याची लॉटरी संस्था परवाने देते आणि मध्यवर्ती संगणकाद्वारे प्रत्येक यंत्राच्या हिशेबावर लक्ष ठेवते. यंत्रात आलेल्या रकमेतून बक्षिसे वजा करून उरणारे निव्वळ उत्पन्न वाटपासाठी धरले जाते. त्यातील निम्मा हिस्सा राज्याच्या तिजोरीत जातो, तर उरलेला हिस्सा ऑपरेटर आणि मद्यालय आपसांतील करारानुसार वाटून घेतात. यंत्र बिघडल्याचा भुर्दंड ऑपरेटरला सोसावा लागतो. राज्याला भांडवल न गुंतवता उत्पन्न मिळते.

जून १९९४ मध्ये या व्यवस्थेला मोठा धक्का बसला. राज्यघटनेने परवानगी दिलेल्या ‘लॉटरी’ या संज्ञेत हे खेळ बसत नाहीत, असा निर्णय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. ऑगस्टमध्ये यंत्रे बंद झाली. नोव्हेंबरमधील मतदानात जनतेने घटनादुरुस्ती मंजूर केल्यानंतर ती पुन्हा सुरू झाली. या सुमारे तीन महिन्यांच्या खंडाचा अभ्यास १९९६ मध्ये राज्यातील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. यंत्रे बंद असताना जुगाराच्या व्यसनाबाबत उपचार केंद्रांकडे होणारी चौकशी आणि तेथे उपचार घेणाऱ्यांची संख्या घटली, तर यंत्रे सुरू होताच ती पुन्हा वाढू लागली, असे त्यात आढळले.

तरीही १९९५ मध्ये राज्याचे या उत्पन्नावरील अवलंबित्व वाढले. तत्कालीन गव्हर्नर बिल जँकलो यांच्या कारकिर्दीत घरे व शेतजमिनीवरील मालमत्ता कर कमी करण्यासाठी राज्याचा हिस्सा वाढवून ५० टक्के करण्यात आला. वैयक्तिक प्राप्तिकर नसलेल्या या राज्याला अलीकडच्या वर्षांत व्हिडिओ लॉटरीतून दरवर्षी १० कोटी डॉलरहून अधिक रक्कम मिळते.

व्हिडिओ लॉटरी रद्द करण्याचे प्रस्ताव १९९२, २००० आणि २००६ मध्ये मतदारांसमोर आले आणि तिन्ही वेळा फेटाळले गेले. बंदी आल्यास तिजोरीतील तूट कोणत्या कराने भरून काढायची, हा प्रश्न त्या वादाच्या केंद्रस्थानी राहिला. लहान गावांतील मद्यालयांचे उत्पन्नही याच यंत्रांशी बांधलेले आहे. कर कमी झाल्याचा लाभ घर व जमिनीच्या मालकांमध्ये विभागला जातो. यंत्रावर सतत हरणाऱ्याचे नुकसान मात्र त्याच्या कुटुंबालाच सोसावे लागते.