तुकोबांचें प्रयाण आणि जिजाईचें दुःख

तुकोबांच्या अखेरीस वारकरी मृत्यु म्हणत नाहींत. सदेह वैकुंठगमन म्हणतात. परंपरेनें तें १६५० सालच्या फाल्गुन वद्य द्वितीयेस झालें. म्हणून देहूस ‘बीज’ हा शोकाचा नव्हे, सोहळ्याचा दिवस. नांदुरकीच्या वृक्षाखालीं भर दुपारीं फुलें उधळलीं जातात.

प्रभातच्या दामले-फत्तेलालांनीं १९३६ सालीं ‘संत तुकाराम’ बोलपट काढला, तेव्हां गरुडारूढ तुकोबांचें प्रयाण पडद्यावर आणलें. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा शांत मुद्रेनें निघतात. गौरी यांनीं रंगविलेली जिजाई मात्र लेंकरांपायीं मागें राहते आणि आकाशाकडे पाहून आक्रोश करते. परंपरेनें जाणाऱ्याचा सोहळा जपला होता. मागें उरलेल्या घराचें दुःखहि या बोलपटानें त्याच सोहळ्यांत आणून बसविलें.